कागद सुलटा, सिलिंडर उलटा

झाशीहून कानपूरच्या रस्त्याला लागलं की चिरगाव मागे पडतं आणि मग मोठ येतं. तहसिलीचं गाव, रेल्वे स्टेशन, धान्याची मंडी आणि गावाला खेटून जाणारा महामार्ग. ह्या भागाला मराठी माणूस नवा नाही. गुरसरायला खेरांची जहागीर होती. झाशीत ज्या गणेश मंदिरात राणी लक्ष्मीबाईंचं लग्न लागलं, ते अजूनही तिथल्या मराठी मंडळींचं मंदिर म्हणूनच ओळखलं जातं.

पुढच्या संवादातले मामा आणि भाची मी रचलेले आहेत. मामा झाशीच्या जुन्या मराठी घरातले, धंद्यासाठी मोठला स्थायिक झालेले. दोन ओम्नी आणि एक ईको, एवढा त्यांचा ताफा. मोठ ते झाशी सवाऱ्या, आणि सकाळी एका ओम्नीत शाळेची मुलं. भाची पुण्यात वाहनांच्या तपासणीच्या क्षेत्रात काम करते. माणसं रचलेली असली तरी त्यांच्या तोंडचे नियम आणि त्यांनी सांगितलेले अपघात खरे आहेत. जेवणं झालेली आहेत, बाहेर मे महिन्याचं बुंदेलखंडी ऊन आहे आणि मामांनी आपण होऊन विषय काढलाय.

मामा : हे बघ, मी काही चोरीछुपे केलेलं नाही. आधी आरटीओची परवानगी काढली. मग कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपात किट बसवलं. आरसीवर ‘पेट्रोल/एलपीजी’ चढवून घेतलं, विम्याच्या कागदावर किटची नोंद केली, त्याचा जादा हप्ता भरतो. आता तुम्हा पुणेकरांना माझ्याकडून आणखी काय हवंय?

भाची : काही नको. एवढंच सांगा, गॅस कुठे भरता?

मामा : मागच्या गल्लीत एक पोऱ्या भरून देतो.

भाची : घरगुती सिलिंडरमधून?

मामा : मग काय हवेतून? ऑटो एलपीजीचा पंप तालुक्याच्या गावात असतो का कुठे? सरकारनं किट पास केलं, टाकी पास केली. ती रिकामी ठेवायला केली का?

खरं तर वाद इथेच संपायला हवा होता, कारण मामांच्या ह्या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. पण भाचीनं चप्पल घातली आणि ती त्या गल्लीत जाऊन पाहून आली. पत्र्याच्या शेडमध्ये लाल सिलिंडर स्टुलावर उलटा टेकवलेला. त्याच्या तोंडाला पितळी जोड, त्यातून निघालेली रबरी नळी एका छोट्या पंपाला, आणि पंपाची दुसरी नळी गाडीच्या टाकीला. पंपाच्या मोटरला वीज गाडीच्याच बॅटरीची, दोन चिमटे लावून घेतलेली. जोडावर पांढरं दव गोठलेलं. तो पोऱ्या गळती शोधायला साबणाचं पाणी वापरत नव्हता, नाक वापरत होता.

भाची : मामा, त्या मोटरचे चिमटे काढताना ठिणगी पडते, हे तुम्हाला माहीत आहे ना?

मामा : दहा वर्षं पडतेय.

भाची : एलपीजीचा वायू हवेपेक्षा जड असतो. प्रोपेन दीडपट, ब्यूटेन जवळजवळ दुप्पट. गळला की वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरतो, गटारात उतरतो. हवेत त्याचं प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास गेलं की पेट घेतो. दोन टक्के म्हणजे काहीच नाही. द्रवाचा एक लिटर सांडला तर त्याचा अडीचशे लिटर वायू होतो.

मामा : मग हाच सिलिंडर तुझ्या मामीच्या शेगडीशेजारी उभा असतो, तिथे आग जळत असते, त्याचं काय? स्वयंपाकघरात तो सुरक्षित आणि माझ्या गाडीजवळ आला की बॉम्ब?

प्रश्न चोख आहे. बहुतेक तज्ज्ञ इथे नियम वाचून दाखवतात. भाचीनं तसं केलं नाही, हे तिचं मला आवडलं.

भाची : स्वयंपाकघरात तो उभा असतो. उभ्या सिलिंडरमधून वरचा वायू निघतो, तोही रेग्युलेटरमधून, अगदी कमी दाबानं. तुम्ही तो उलटा केलात की द्रवच नळीत उतरतो, आणि तो सिलिंडरच्या पूर्ण दाबाखाली असतो. मामी सिलिंडर कधी आडवा करते का? उलटा करते का? त्याला मोटर लावते का?

मामा : ती तर कड्यावरची तारीखसुद्धा वाचते. ‘डी-२८’ म्हणजे अठ्ठावीस सालची शेवटची तिमाही. मुदत उलटलेला असला तर गाडीवाल्याला परत पाठवते.

भाची : आणि तुमच्या ओम्नीच्या टाकीवरची पाटी तुम्ही शेवटची कधी वाचली?

मामांनी पानाचा डबा पुढे ओढला. टाकी मागच्या सीटच्या मागे, तिच्यावर गोणपाट, गोणपाटावर स्टेपनी. पाटी वाचायची तर अर्धी गाडी रिकामी करावी लागते.

भाची : त्या पाटीवर आयएस १४८९९ असा आकडा असतो. वाहनाच्या एलपीजी टाकीचं ते भारतीय मानक. बनवणाऱ्याचं नाव, टाकीचा क्रमांक, पाण्याची क्षमता, चाचणीचा दाब आणि चाचणीची तारीख, सगळं त्यावर असतं. दर पाच वर्षांनी टाकी काढून तिची पुन्हा चाचणी करायची असते. तुमची टाकी कधीची?

मामा : पाच वर्षं होऊन गेली असतील. पण काढून पाठवू कुठे? कानपूरला? तेवढे दिवस गाडी उभी ठेवू? फिटनेसला जातो तेव्हा दिवे बघतात, ब्रेक बघतात, रंग बघतात. टाकीची पाटी आजवर कुणी वाचली नाही. मग ती माझ्या एकट्यासाठीच लिहिली आहे का?

भाची : तुमच्यासाठीच लिहिली आहे. आत बसणारे तुम्ही आहात.

मामा : हे झालं भाषण.

खरंच भाषण झालं, आणि मामांनी बरोबर पकडलं. आपल्याकडची प्रमाणपत्राची रचना पाहिली की मामांचा वैताग समजतो. किट बनवणारा किंवा आयात करणारा आपलं किट पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेकडे नेतो. ही संस्था १९६६ पासून पुण्यात आहे. अहिल्यानगरची व्हीआरडीई आणि मानेसरचं आयकॅट ही अशीच आणखी दोन ठिकाणं. तिथे केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या ११५-सी प्रमाणे धुराची आणि एआयएस-०२५, ०२६ वगैरे मानकांप्रमाणे सुरक्षेची तपासणी होते. टाकी आणि तिच्यावरचे व्हॉल्व्ह यांची मंजुरी स्फोटकं खात्याकडे, म्हणजे आताच्या पेसोकडे, आणि त्याचं मुख्यालय नागपुरात. म्हणजे देशभरातल्या गॅसच्या गाड्यांची बरीचशी कागदपत्रं ह्या ना त्या वाटेनं महाराष्ट्रातून फिरून येतात. गाड्या मात्र मोठसारख्या गावांत धावतात.

मामा : आणि ते प्रमाणपत्र तीन वर्षांचं असतं म्हणे. एजंट मला सांगून गेला की तीन वर्षं संपली, आता नवीन काढा, इतके इतके लागतील. म्हणजे माझी गाडी तीन वर्षांनी आपोआप बेकायदा होते?

भाची : त्याचा तुमच्या गाडीशी संबंध नाही. ती तीन वर्षांची मुदत किट बनवणाऱ्याच्या मंजुरीची. त्या मुदतीत त्यानं ते किट विकायचं आणि बसवायचं, पुढे विकायचं तर मंजुरी वाढवून घ्यायची. तुमच्या गाडीत ते मुदतीत बसलं आणि आरसीवर चढलं, की तो विषय मिटला. एजंटनं तुम्हाला नको ती भीती घातली.

मामा : आणि हवी ती भीती कुणी घातली नाही.

भाची : कुठली?

मामा : टाकीची. पाच वर्षांची. ती एजंट कधीच बोलला नाही.

ह्या एका वाक्यात मामांनी सगळ्या प्रमाणपत्रांचा निकाल लावून टाकला, असं मला वाटतं. ज्यात पैसा सुटतो ती मुदत सगळ्यांना पाठ असते.

मग भाचीनं ओम्नीचं मागचं दार उघडायला लावलं. गोणपाट निघालं, स्टेपनी निघाली. टाकीच्या मधोमध मल्टिव्हॉल्व्हची पेटी. ह्या पेटीला हवाबंद झाकण असावं लागतं, आणि तिच्यातून दोन जाड नळ्या फरशीतून खाली गाडीबाहेर जाव्या लागतात, म्हणजे व्हॉल्व्हजवळ गळती झालीच तर वायू आत न साठता रस्त्यावर जावा. झाकण नव्हतं. चारपैकी दोन स्क्रूच जागेवर होते.

भाची : झाकण कुठे गेलं?

मामा : मिस्त्रीनं काढलंय. तो फ्लोट जरा वाकवायचा होता. तुमच्या त्या व्हॉल्व्हमुळे टाकी पुरी भरतच नाही. वाकवला की चार-पाच लिटर जास्त मावतात, एक फेरा वाढतो.

भाची : मामा!

मामा : ओरडू नकोस. पूर्ण टाकीचे पैसे दिलेत मी. वीस टक्के रिकामी का ठेवू?

भाची : कारण द्रव एलपीजी उन्हात फुगतो, आणि पाण्यापेक्षा कितीतरी पट जास्त फुगतो. सकाळी गार असताना काठोकाठ भरलीत आणि दुपारी गाडी नाक्यावर उन्हात उभी राहिली, तर आतल्या द्रवाला फुगायला जागाच उरत नाही. वायू दाबला जातो, द्रव दाबला जात नाही. मग पोलाद ताणलं जातं. म्हणून ऐंशी टक्क्यांवर भरणं आपोआप थांबवणारा तो फ्लोट असतो. तुम्ही वाकवलात तो एक तारेचा तुकडा नाही, किटमधला सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे. झाशीचा मे महिना पुण्यात कुणी कल्पनेनं काढलेला नाही ना?

मामा : बरं, समजा फुगला. तर सेफ्टी व्हॉल्व्ह आहे की. तो उघडेल.

भाची : उघडेल, आणि झाकण नसल्यामुळे कुठे उघडेल? गाडीच्या आत. मुलांच्या दप्तरांच्या मागे.

मामा काही बोलले नाहीत. भाचीनं तो धागा सोडला नाही.

भाची : आणि हा सेफ्टी व्हॉल्व्ह म्हणजे कारकुनांची हौस नाही. फ्रान्समध्ये लिओंजवळ वेनिस्यू नावाचं गाव आहे. ३१ जानेवारी १९९९ ला तिथे एका गॅसच्या गाडीला आग लागली. अग्निशमन दलाचे लोक विझवायला गेले. त्या टाकीला दाब सोडणारा व्हॉल्व्ह नव्हता. टाकी फुटली, जवान भयंकर जखमी झाले. टाकी चोरबाजारातली नव्हती मामा, गल्लीतल्या पोऱ्यानं भरलेली नव्हती. गाडी त्या वेळच्या फ्रेंच नियमांत बसत होती. नियमच अपुरा होता. त्यानंतर तिथे असा व्हॉल्व्ह सक्तीचा झाला. युरोपातलं ६७ क्रमांकाचं नियमन आहे, त्याच्या सुधारित आवृत्तीत हे सगळे व्हॉल्व्ह आले. आपल्याकडे टाकीच्या तोंडाशी असलेल्या मल्टिव्हॉल्व्हला आयएस १५१०० आहे. तुम्हाला तो नुसता आकडा वाटतो.

मामा : मग फ्रान्सनं पंप काढले की नाही, तेही सांग. नियम आणलेस, पंप का नाही आणलास?

आता मामांची गाडी रुळावर आली. पुढचं त्यांचं बोलणं मी मुद्दाम अडवलं नाही.

मामा : ऐक. सरकार म्हणतं, घरगुती गॅस गाडीत घालू नका. २००१ चा आदेश आहे त्याचा, मला ठाऊक आहे. दोन वेळा पोलिसांनी तोच ऐकवलाय. ठीक. पण घरच्या सिलिंडरवर जीएसटी पाच टक्के आणि गाडीच्या एलपीजीवर अठरा. एकच वस्तू, एकाच रिफायनरीतून निघालेली. चौदा किलो दोनशेचा सिलिंडर म्हणजे सव्वीस लिटरच्या आसपास गॅस. तो घरपोच येतो. आणि कायदेशीर गॅस? तो महाग, आणि मिळतो शंभर कोसांवर. उतार तुम्हीच करून ठेवलात, आणि पाणी खाली गेलं की पाण्याला पोलिसात देता! किट कंपनीला विकायला परवानगी, डीलरला बसवायला परवानगी, आरटीओला फी घ्यायला परवानगी. फक्त मी गॅस घालायचा नाही.

भाची : खरं आहे ते.

मामा : काय?

भाची : खरं आहे म्हटलं. ज्या गावापासून गाडीच्या टाकीच्या पल्ल्यात पंप नाही, त्या गावाच्या आरसीवर ‘एलपीजी’ लिहून देणं म्हणजे गल्लीतल्या पोऱ्याला गिऱ्हाईक मिळवून देणं. परवानगीच्या अर्जात एक रकाना हवा होता, ‘गॅस कुठून भरणार’. तो नाही. म्हणून तुमचं काम बरोबर ठरत नाही मामा, पण तुम्ही एकटे चुकलेले नाही.

मला भाचीशी इथे पूर्ण सहमत व्हावंसं वाटतं. एका बाबतीत मात्र मी तिच्याहून कडक आहे. करातला फरक आणि पंपांचा तुटवडा ही सरकारची गफलत असेल. झाकण काढून फ्लोट वाकवणं ही मामांची आहे, आणि त्यासाठी पंप नसण्याचं निमित्त चालत नाही. पंप असता तरी मिस्त्रीनं फ्लोट वाकवलाच असता. चार-पाच लिटरांचा मोह पंपावरही सुटत नाही.

भाची : आणि हे गाव लहान म्हणून होतं असंही नाही. जळगाव आठवा. नोव्हेंबर २०२४, दिवाळी नुकतीच झालेली. भर शहरात, इच्छादेवी चौकात, ओम्नीमध्ये असाच घरगुती सिलिंडरमधून गॅस भरत होते. गाडीत माणसं बसलेली. स्फोट झाला, माणसं भाजली, त्यांतली काही पुढे दवाखान्यात दगावली. तुमच्या उत्तर प्रदेशात भदोहीला २०१९ च्या जानेवारीत शाळेची व्हॅन पेटली, तीही गॅसवरची. मुलं होती आत.

मामा : जळगावचं मी वाचलं होतं. भरताना सवाऱ्या उतरवायच्या असतात. मी उतरवतो.

भाची : शाळेची मुलं?

मामा : मुलांच्या फेरीत मी भरत नाही. आधी भरून ठेवतो.

भाची : काठोकाठ.

मामी आतून सरबत घेऊन आल्या. त्यांनी एवढंच विचारलं की घरच्या कार्डावरचा दुसरा सिलिंडर ह्या महिन्यात आला का नाही. मामांनी ऐकलं नाहीसं केलं.

मामा : बरं, मी सीएनजी करतो. झाशीत आता सेंट्रल यूपी गॅसचं आलंय. ईको नवी आहे, बीएस-सहा. तिला किट बसवता येतं का?

भाची : ऑगस्ट २०२२ च्या अधिसूचनेपासून बीएस-सहा पेट्रोल गाड्यांना, साडेतीन टनांपर्यंतच्या, सीएनजी आणि एलपीजी दोन्ही बसवायला मुभा आहे. पण त्या गाडीच्या मॉडेलसाठी मंजूर झालेलंच किट हवं. दुसऱ्या गाडीचं उचलून नाही. बदल केला की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, हे कलम ५२ मध्ये आहे. न कळवता, नको ते बसवलंत तर १८२-अ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, किंवा दोन्ही.

मामा : पण सीएनजीत दोनशेचा दाब असतो ना? ह्या एलपीजीच्या टाकीत आठ-दहा. दोनशेवाला सुरक्षित आणि दहावाला धोकादायक, हे तुझं शास्त्र?

भाची : सीएनजी हवेपेक्षा हलका, गळला तर वर जातो. त्याचा सिलिंडर जाड, दर तीन वर्षांनी चाचणी लागते. पण खरं कारण वेगळं आहे. सीएनजी स्वयंपाकघरातून आणून कुणी भरू शकत नाही. दोनशेच्या दाबाला गल्लीतला पंप पुरत नाही. सीएनजीवाला झक मारत अधिकृत पंपावर जातो. तिथे तोच माणूस, तसाच घाईचा, तसाच पैशांना कावलेला, पण त्याच्या हातात वाकवायला काही राहत नाही.

मला हा मुद्दा सगळ्या मानकांपेक्षा मोठा वाटतो. एलपीजीचं किट तपासताना आपण लोखंड तपासतो, पितळ तपासतो, धूर तपासतो. ते एकदा होतं. गॅस भरणं दर दोन-तीन दिवसांनी होतं, आणि त्याचं प्रमाणपत्र कुणी देत नाही. टर्की, पोलंड, दक्षिण कोरिया इथे लाखो गाड्या वर्षानुवर्षं एलपीजीवर चालत आल्या, त्या गावोगाव पंप होते म्हणून. गॅस तोच, टाकीही जवळपास तशीच. आपल्याकडे किटचा नियम आला, पण तालुक्यापर्यंत पंप आला नाही, आणि मधल्या रिकाम्या जागेत तो स्टूल येऊन बसला.

मामा : म्हणजे ओम्नी विकू?

भाची : विकून ती दुसऱ्या कुणाच्या शाळेत जाईल. किट उतरवा, आरसीवरून एलपीजी कमी करून घ्या, पेट्रोलवर चालवा. ईकोला सीएनजी बसवा. दुसऱ्या ओम्नीचं नंतर बघू. पण ही आज.

मामा : आज रविवार. मिस्त्री नाही.

भाची : मिस्त्री नकोच. त्यानंच वाकवलाय. आज फक्त टाकीचा हातानं बंद करायचा व्हॉल्व्ह बंद करा, आणि उद्या गाडी पेट्रोलवर काढा. टाकी रिकामी करायला मात्र त्या पोऱ्याकडे नेऊ नका. ज्यांनी किट बसवलं त्या वर्कशॉपात न्या.

मामा : आणि पेट्रोलच्या भावानं मी मुलांना नेऊ कसा? महिन्याची फी ठरलेली आहे.

भाची : वाढवून मागा.

मामा : आईबाप देणार नाहीत. ते म्हणतील, पलीकडचा स्वस्तात नेतो.

भाची : पलीकडचा कशावर नेतो?

मामा : गल्लीतल्याच गॅसवर.

भाची : हे तुम्ही आईबापांना सांगितलंत कधी?

मामा : त्यांनी विचारलं नाही. भाडं किती, एवढंच विचारतात. आणि एसी आहे का.